घरातली मॉन्टेसरी: दीड वर्षापासून सहा वर्षांपर्यंत काय द्यायचं, कसं द्यायचं

सोसायटीत कुणाच्या मुलाचा दुसरा वाढदिवस झाला की त्याची आई हमखास माझ्याकडे येते. हातात मोबाइल, मोबाइलवर लाकडी साहित्याची लांबलचक यादी. "ताई, यातलं काय काय मागवू?" मी बरीच वर्षं बालक मंदिरात ताई होते, त्यामुळे निवृत्त झाले तरी हा प्रश्न काही पाठ सोडत नाही. माझं उत्तर ठरलेलं आहे: आत्ता काहीच मागवू नका. स्वयंपाकघरातला सगळ्यात खालचा कप्पा आधी रिकामा करा, मग बोलू.

हे ऐकून निम्म्या जणी हिरमुसतात. पण मॉन्टेसरी म्हणजे मुलानं स्वतःच्या हातानं कामं करत शिकायची पद्धत, आणि ती घरात आणायची तर मुळात कामं दोनच. रोजच्या वापरातल्या वस्तू मुलाच्या हाताला लागतील अशा खाली आणायच्या, आणि एखादं काम सावकाश दाखवून झालं की आपले हात मागे घ्यायचे. पहिलं काम एका रविवारी दुपारी उरकतं. दुसरं भल्याभल्यांना जमत नाही, आणि एका मुलामागे चार मोठी माणसं असलेल्या घरात तर मुळीच नाही.

साहित्य महाग म्हणून अडून बसलेल्यांसाठी थोडा इतिहास. ही पद्धत काढणाऱ्या मारिया मॉन्टेसरी पेशाने डॉक्टर. रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांचं पहिलं बालगृह सुरू झालं. १९३९ साली त्या मद्रासला, अड्यारला आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत भारतातच राहिल्या. पण त्यांची पद्धत त्याआधीच आपल्याकडे पोचली होती. भावनगरला गिजुभाई बधेका ती राबवत होते, आणि त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी पुढे अनुताई वाघांना बरोबर घेऊन बोर्डी आणि कोसबाड या आदिवासी भागातल्या गावांत बालवाड्या चालवल्या. अनुताई आपल्या पुणे जिल्ह्यातल्या, मोरगावच्या. त्या बालवाड्यांत बिया, शिंपले, पानं, खडे हेच साहित्य होतं. आदिवासी पाड्यावर जे अडलं नाही, ते कोथरूडच्या टू-बीएचकेत साहित्यावाचून अडेल असं मला वाटत नाही.

आधी घर

गुडघ्यांवर बसा आणि घरभर एक चक्कर मारा. बेसिनचा नळ हाताला लागतो का? टॉवेल? पाण्याचं भांडं? आपल्या घरात तीन वर्षांच्या मुलाला साधं पाणी प्यायचं तरी कुणाला तरी हाक मारावी लागते. दिवसाकाठी अशा किती हाका होतात ते मोजा, म्हणजे मूल चिडचिडं का झालंय ते कळेल.

रिकाम्या केलेल्या खालच्या कप्प्यात मुलाची ताटली, वाटी, चमचा, फुलपात्र आणि एक लहानसा तांब्या ठेवा. बेसिनपाशी न हलणारं स्टूल. दाराशी त्याच्या खांद्याच्या उंचीवर एक खुंटी, तिच्यावर त्याची पिशवी आणि रेनकोट. चपलांसाठी जमिनीवर त्याच्याच पावलांची जोडी खडूनं आखून द्या, चपला आपोआप त्यावर बसायला लागतात. कपाटात हात पोचेल तिथे दोनच कपडे टांगा, आणि त्यांतला कुठला घालायचा ते त्याला ठरवू द्या. सगळं कपाट उघडून "काय घालायचं रे?" विचारलंत तर शाळेची व्हॅन निघून जाईल.

खेळण्यांची टोपली मात्र उचलून माळ्यावर टाका. टोपलीत हात घातला की दहा गोष्टी बाहेर येतात आणि एकीशीही खेळणं होत नाही. त्याऐवजी एक बुटकं शेल्फ घ्या, चपलांचा जुना रॅक धुऊनपुसूनही चालतो. त्यावर पाच-सहा कामं मांडा, प्रत्येक आपापल्या ट्रेमध्ये. जमिनीवर बसून काम करायला एक बस्कर, गुंडाळून कोपऱ्यात उभं करता येईल असं. बस्कर पसरायचं, ट्रे आणायचा, काम करायचं, ट्रे जागेवर, बस्कर गुंडाळून कोपऱ्यात. हा क्रम मुलाच्या अंगवळणी पडला की निम्मं काम झालं.

खरेदी करायचीच असेल तर तुळशीबागेत जा, पण भातुकलीच्या मोहात पडू नका. ती दिसते गोड, कामाला शून्य. लाटणं असं हवं की त्यानं खरी पोळी लाटली जाईल, तांब्यात खरं पाणी मावेल, किसणीवर खरं गाजर किसलं जाईल. छोट्या आकाराची पण खरी भांडी मागितली की दुकानदार आतून काढून देतात. ट्रे, स्पंज, छोटा ब्रश, सुपली बोहरी आळीत मिळतील. आणि एखादं तरी भांडं काचेचं घ्या. प्लॅस्टिकचा ग्लास आपटला तरी काही होत नाही, म्हणून मूल तो आपटतंच. काचेचा दोन्ही हातांनी धरतं.

दाखवायचं कसं

सगळी गंमत इथे आहे. मुलाच्या उजव्या बाजूला बसा (मूल डावखुरं असेल तर डाव्या), म्हणजे तुमचे हात त्याला नीट दिसतील. काम सुरुवातीपासून जागेवर परत ठेवेपर्यंत पूर्ण दाखवा. आणि दाखवताना बोलू नका. आपण बोललो की मूल तोंडाकडे बघतं, हातांकडे नाही. बोलायचं असेल तर हात थांबवा. हात चालवायचे असतील तर तोंड बंद. पुण्यात हे जरा कठीण आहे, मला कल्पना आहे.

मग "आता तू" म्हणा आणि बाजूला व्हा. मूल चुकलं तरी हात पुढे करायचा नाही. पाणी सांडलं तर ते ट्रेमध्ये दिसतंच, "सांडलं बघ" असं सांगायला माणूस लागत नाही. मॉन्टेसरीचं सगळं साहित्य असंच बेतलेलं असतं. लाकडी ठोकळ्याच्या दहा भोकांत वेगवेगळ्या मापांचे दहा दट्टे बसवायचे असतात. एक चुकला की शेवटी एक दट्ट्या उरतो आणि भोक त्याला पुरत नाही. चूक वस्तूच सांगते, म्हणून मुलाचा अपमान होत नाही.

आणि कौतुकसुद्धा नको, निदान काम चालू असताना. "व्वा! किती छान!" म्हटलं की मूल मान वर करून आपल्याकडे बघतं, आणि लागलेली तंद्री मोडते. बालक मंदिरात नव्या ताईंना मी हात पाठीमागे बांधून उभं राहायला सांगायची. घरी तुम्ही भाजी चिरत बसा, नजर असू द्या.

दीड ते अडीच

या वयाला वस्तू इकडून तिकडे न्यायची असते. का, ते विचारू नका. न्यायचीच असते. तेव्हा त्याला जड काहीतरी न्यायला द्या: मंडईतून आणलेल्या पिशवीतले बटाटे टोपलीत, कांदे दुसऱ्या टोपलीत, लिंबं वाटीत. धुतलेले मोजे जोड्या लावून. वाळलेली फडकी आजीला नेऊन दे. डबा उघड, झाकण लाव.

शब्द या वयात झपाट्यानं येतात, पण ते खऱ्या वस्तूंवरून यावेत. चित्रातलं वांगं आणि हातातलं वांगं यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, एकाला देठाचा काटा टोचतो. आणि वांग्याला "वांगं"च म्हणा. "वांदू" नको.

धोक्याच्या दोन गोष्टी इथेच सांगते. शेंगदाणे, हरभरे, राजमा, मणी, नाणी या वयात हाताशी ठेवायची नाहीत, घशात नाहीतर नाकात जातात. आणि बाथरूममध्ये भरलेली बादली ठेवायची नाही. पाण्याचं कुठलंही काम करताना मोठं माणूस शेजारी हवंच. हात मागे घ्या म्हटलं याचा अर्थ खोलीतून निघून जा असा नाही.

अडीच ते साडेतीन

माझं सगळ्यात आवडतं वय. या वयात फक्त ओतण्यावर महिनाभर काढला तरी चालेल. सुरुवात कोरड्यापासून. ट्रेमध्ये दोन सारखे छोटे जग, एकात अर्ध्यापर्यंत तांदूळ. उजव्या हातानं कान धरायचा, डाव्या हाताची दोन बोटं जगाच्या पोटाला टेकू म्हणून. चोच दुसऱ्या जगाच्या बरोबर मध्यावर आणायची, टेकवायची नाही. हळू तिरका करायचा. शेवटचा दाणा पडेपर्यंत थांबायचं. मग जग खाली ठेवून सांडलेले दाणे चिमटीनं उचलायचे, एकेक. मुलांना हा उचलायचा भागच जास्त आवडतो, असा माझा अनुभव आहे.

तांदळात हात बसला की पाणी. ट्रेमध्ये एक स्पंज किंवा घडी केलेलं फडकं हवंच, आणि फडकं भिजवायचं, पिळायचं, ट्रे पुसायचा हेही दाखवायचं. मग एक जग आणि दोन फुलपात्रं. मग फुलपात्रावर रंगीत चिकटपट्टीची रेघ, आणि पाणी रेघेपर्यंतच. इथे मूल पहिल्यांदा हात मध्येच थांबवायला शिकतं. ते दिसायला साधं आहे, पण कधी थांबायचं ते हाताला सांगणं फार अवघड असतं.

खालच्या मजल्यावरच्या एका घरात हे चालू होतं. तीन वर्षांची चिमुरडी, जीभ बाहेर काढून ओततेय. आजी सोफ्याच्या कडेवर. "अहो ताई, सांडतंय ते."

"सांडू दे, आजी. फडकं तिथेच आहे."

"अहो पण मी पुसते की पटकन."

"तुम्ही पुसलंत तर ती काय करेल?"

आजी गप्प बसल्या, पण पदर हातात घट्ट. मुलीनं ओतून झाल्यावर ट्रेमधलं पाणी बघितलं, फडकं घेतलं, पुसलं, पिळलं, आणि पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं. मग पुन्हा. आजींना पहिल्यांदा वाटलं की पोर कंटाळेल. मोठी माणसं पाणी ओततात ते तहान लागली म्हणून, त्यामुळे एकदा ओतलं की संपलं. मुलाला ओतणंच हवं असतं. ते पुन्हा पुन्हा करतंय म्हणजे काम बरोबर वयात दिलं गेलंय, एवढं समजावं आणि अजिबात मध्ये पडू नये. जेवायची वेळ झाली असेल तर पाच मिनिटं थांबा, वरण निवलं तरी चालतं.

स्वयंपाकघरात या वयाला देण्यासारखं भरपूर आहे. हिवाळ्यात मटार आला की पिशवीभर सोलायला द्या. शेंग दाबली की "टच्" असा आवाज येऊन उघडते, त्या आवाजासाठी मुलं अर्धा किलो संपवतात (आणि निम्मे दाणे खातात, ते हिशेबात धरा, पण खाताना एका जागी बसूनच, आणि तीन वर्षांच्या आतल्याला मटारही नको). मेथी खुडणं, केळं बोथट सुरीनं कापणं, उकडलेलं अंडं सोलणं, लिंबू पिळून सरबत, छोट्या रवीनं ताक घुसळणं. कपड्यांत मोठी बटणं, टिचबटणं, चेन, नाडी. बटणांच्या लाकडी चौकटी विकत मिळतात, पण बाबांचा जुना शर्ट उशीवर चढवला तर तेच काम होतं.

नाव शिकवायची तीन पायऱ्यांची रीत

ही रीत मॉन्टेसरीबाईंनी सेगँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरकडून घेतली आणि ती कुठेही वापरता येते. समजा खरखरीत आणि गुळगुळीत शिकवायचंय. पायरी पहिली: पॉलिश पेपरवरून हलकेच बोट फिरवा, "खरखरीत". साध्या कागदावरून, "गुळगुळीत". बस, एवढंच बोला. पायरी दुसरी: "खरखरीत दाखव. गुळगुळीत मला दे. खरखरीत आजीकडे ने." या पायरीवर भरपूर वेळ काढा, हा खेळच असतो. पायरी तिसरी: एकावर बोट ठेवून "हे कसं आहे?"

तिसऱ्या पायरीवर अडलं तर "चूक" म्हणायचं नाही. हसून विषय बदलायचा आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पायरीवर यायचं. आपल्याकडे सगळे थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारतात. पाहुणे आले की "सांग बाळ, हा कुठला रंग?" ती परीक्षा झाली, आणि परीक्षा घेणाऱ्यानं आधी शिकवलेलं असावं ही साधी अपेक्षा आहे.

साडेतीन ते साडेचार

आता डोळे, बोटं, कान, नाक यांचं काम. शाळांमध्ये जो गुलाबी मनोरा असतो त्यात दहा घन असतात, १ सेंटिमीटरपासून १० सेंटिमीटरपर्यंत. रंग एक, आकार एक, बदलतं ते फक्त माप. हे तत्त्व लक्षात ठेवलंत की साहित्य घरीच करता येतं: एका वेळी एकच गोष्ट वेगळी ठेवायची. स्टीलच्या डब्यांचा संच घ्या आणि मोठ्यापासून लहानापर्यंत उतरंड रचायला सांगा. रंगाच्या दुकानातून शेडकार्ड मागून आणा, एकाच निळ्याच्या पट्ट्या कापा आणि गडद ते फिका लावू द्या. झाकणबंद सारख्या सहा डब्या घेऊन दोनांत रवा, दोनांत तांदूळ, दोनांत राजमा घाला, झाकणं चिकटवून टाका, आवाजावरून जोड्या. मसाल्याच्या डब्यातलं जिरं, दालचिनी, वेलदोडा, हिंग डोळे मिटून वासावरून ओळखणं. शिंप्याकडून खण, मलमल, रेशीम, जाडंभरडं कॉटन यांचे दोन दोन तुकडे आणून डोळ्यांवर रुमाल बांधून जोड्या. एवढ्यात सहा महिने निघतात.

रेघेवरून चालणं विसरू नका. जुन्या वाड्यांत शहाबादी फरश्यांच्या सांध्यांवरून आपण सगळे चाललोय. आता फरशी एकसलग झाली, तर गच्चीवर खडूनं मोठा लंबगोल काढा. आधी नुसतं चालायचं, पावलाला पाऊल लावून. मग हातात पाण्यानं भरलेलं फुलपात्र. मग घंटा, ती वाजू न देता.

आणि शांततेचा खेळ. हा शिक्षा म्हणून कधीही वापरायचा नाही. सगळे बसा, डोळे मिटा, कुणी हलायचं नाही, काय काय ऐकू येतं ते ऐका. शेजारच्या कुकरची शिट्टी, पंख्याची कुरकुर, खिडकीतली कबुतरं, लांबून भंगारवाला. मग आपण दुसऱ्या खोलीत जाऊन अगदी कुजबुजत मुलाचं नाव घ्यायचं, त्यानं आवाज न करता आपल्यापर्यंत यायचं. चार वर्षांची मुलं हा खेळ मागून मागून खेळतात.

पेन्सिल अजून नाही. पण पेन्सिल धरणारी तीन बोटं याच वयात तयार होतात, आणि त्यासाठी रांगोळीसारखं काही नाही. चिमटीतून रांगोळी सोडत ठिपके, मग ठिपके जोडणं. डाळिंब सोलणं, शेंगा फोडणं हेही तेच काम. गणपतीच्या आधी शाडूची माती आणली तर मूठभर त्यालाही द्या आणि त्यानं काय केलं ते विचारू नका.

साडेचार ते सहा

अक्षरांबद्दल माझी मतं जरा ठाम आहेत.

पॉलिश पेपरवर अक्षर उमटवून कापा आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवा, पुठ्ठे अप्पा बळवंत चौकात हवे त्या रंगात मिळतात. स्वर निळ्या पुठ्ठ्यावर, व्यंजनं गुलाबी. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही एकत्र, लिहितो त्याच दिशेनं फिरवायची, शिरोरेघ शेवटी, आणि फिरवताना फक्त आवाज: "म". "म मगरीचा" नको. मगर मध्ये आली की मूल मगरीचं चित्र लक्षात ठेवतं आणि अक्षर विसरतं. आवाज पक्का झाला की उलटं विचारा, "म कशाकशात ऐकू येतो?" मग ते मूलच मगर, मका, मामा, मनीमाऊ आणून देतं.

ग म भ न हा आपला जुना क्रम लिहायला सोपा आहे, कारण वळणं सारखी. पण बोटांनी ओळखायला तीच गोष्ट अडचणीची होते, ग आणि म, भ आणि म यांची गल्लत होते. म्हणून मी बोट फिरवायला आधी अगदी वेगळी दिसणारी आणि वेगळी वाजणारी तीन अक्षरं देते, म्हणजे क, म, ट अशी, आणि गमभन पाटीवर लिहिण्यासाठी राखून ठेवते. तीनही अक्षरं वरच्या तीन पायऱ्यांच्या रीतीनं द्यायची. रव्याच्या थाळीत बोटानं गिरवणं त्यानंतर.

अक्षरांच्या आधी कानाचा खेळ महिनोन्महिने चालू हवा. बसमध्ये, रांगेत, कुठेही: "मला एक वस्तू दिसतेय, तिचा पहिला आवाज क." काच? कुत्रा? कंडक्टरकाका! स्वारगेटपर्यंत वेळ छान जातो.

दहा-पंधरा व्यंजनं आली की सुटी अक्षरं करा, साध्या कार्डशीटची, प्रत्येक अक्षर चार-पाच वेळा. काना, मात्रा, वेलांट्या, उकार यांचे वेगळे तुकडे. सुरुवातीला मात्रांना हात लावायचा नाही. घर, नळ, नख, कमळ, बदक, गवत, खडक, मगर हे शब्द मूल स्वतः ऐकून जमवू शकतं. मॉन्टेसरीत वाचण्याआधी लिहिणं येतं. मूल डोक्यातला शब्द अक्षरं मांडून उभा करतं, आणि तो वाचता येतो हे त्याला मागाहून कळतं. मग काना द्या: कान, नाक, पाय, मामा, बाबा, काका. मग वेलांटी. ऱ्हस्वदीर्घ चुकेल, चुकू द्या. पाच वर्षांच्या मुलाच्या "मि अलो" या चिठ्ठीवर लाल पेन चालवणारी माणसं मी पाहिली आहेत. ती चिठ्ठी फ्रीजवर लावायची असते.

आकड्यांचं साहित्य घरी करायला सगळ्यात सोपं. दहा वाट्या, त्यांवर ० ते ९ लिहिलेल्या चिठ्ठ्या, आणि आइस्क्रीमच्या ४५ काड्या. एकच्या वाटीत एक, दोनच्या वाटीत दोन, असं करत नऊपर्यंत. १ ते ९ ची बेरीज ४५, म्हणून सगळं बरोबर झालं तर काडी उरत नाही आणि कमीही पडत नाही. शून्याच्या वाटीशी मुलं थांबतात. काही तिच्यात एक काडी टाकतात, शेवटी नऊला एक कमी पडते, मग सगळ्या वाट्या धुंडाळून ती शून्यातली काडी काढतात. शून्य म्हणजे काय ते समजवायला मला यापेक्षा चांगली रीत माहीत नाही.

दशकासाठी दहा दहा काड्यांचे रबर लावून गठ्ठे. शाळेत सोनेरी मण्यांचं साहित्य असतं: सुटा मणी, दहाची काडी, शंभराचा चौरस, हजाराचा घन. हजाराचा घन हातात घेतला की मुलाला हजार किती जड असतो ते कळतं. घरी हजार काड्या जमवायच्या फंदात पडू नका, शंभरपर्यंत पुरे.

मराठी आकड्यांच्या नावांचा घोळ मात्र खरा आहे. एकोणसाठ म्हणताना तोंडात साठ आणि लिहायचं ५९. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "वीस एक, वीस दोन" असं जोडीला दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. माझं म्हणणं, काड्या मोजताना बिनधास्त "दोन दशक, एक सुटी" म्हणू द्या. हाताला गठ्ठे समजले की एकवीस हे नाव नंतर चिकटतं.

याच वयात बाहेरची कामं वाढवा. एम्प्रेस गार्डनमध्ये किंवा टेकडीवर गळालेली पानं गोळा करून आकारांप्रमाणे गट: पिंपळ, आपटा, कडुनिंब. दिवाळीत किल्ला करताना माती कालवणं, अळीव पेरणं आणि रोज पाणी शिंपडणं ही त्याची जबाबदारी. किल्ला तुमच्या मनासारखा झाला नाही तर तोंड मिटून घ्या, बाबालोकांना हे खास सांगणं आहे. पुण्यातले निम्मे किल्ले बाबांनीच केलेले असतात.

पहिलीच्या आधी वाक्यं लिहिता आली पाहिजेत म्हणून घाई करू नका. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, म्हणजे दुसरीपर्यंत वेळ आहे.

शाळा बघायला जाल तेव्हा

मॉन्टेसरी हा शब्द पाटीवर कुणीही लिहू शकतं, त्यामुळे पाटीवर जाऊ नका. आत गेल्यावर बघा: अडीच ते सहाची मुलं एकाच वर्गात आहेत का? तिथे मोठं मूल लहानाला टिचबटण लावायला शिकवताना दिसलं पाहिजे. साहित्य उघड्या बुटक्या शेल्फांवर आहे की काचेच्या कपाटात कुलपात? प्रत्येक साहित्य एकेकच आहे का? तसं असेल तर मुलं थांबायला शिकतात. सलग अडीच-तीन तास कामाचे आहेत की दर अर्ध्या तासाला घंटा होऊन "चला, आता ड्रॉइंग"? आणि ताई कुठे आहेत? फळ्यासमोर उभ्या असतील तर ती मॉन्टेसरी नव्हे. चांगल्या वर्गात ताई शोधाव्या लागतात, कारण त्या कुठल्या तरी बस्करापाशी खाली बसलेल्या असतात.

तासभर मागे बसून वर्ग बघू देता का, एवढं विचारा. नाही म्हणाले तर धन्यवाद म्हणून बाहेर पडा. या शहरात शाळांचा तुटवडा नाही.